दोन लिटर

वॉर्ड सातमध्ये रात्री पंखे फिरतात
ते फक्त उकाडा इकडचा तिकडे सरकवायला.
एप्रिलचं सोलापूर. पहाटेसुद्धा भिंतीला हात लागला
तर नुकताच उतरवलेला तवा.

खाट अकरा. मल्लेशम यन्नम, वय सदुसष्ट.
पंचेचाळीस वर्षं टॉवेलाच्या मागावर,
कापसाचं पीठ श्वासाश्वासानं आत गेलेलं.
वर बायकोच्या हातच्या विड्या,
छाटात निघालेल्या, म्हणून फुकट.

फाइलवर लाल शाईनं मीच लिहिलंय :
अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. त्याच्या वर नको.
शाई पुरेल असं वाटलं होतं.

भिंतीवरच्या बाटलीत पाणी बुडबुडतं,
काचेच्या नळीत शेंगदाण्याएवढी गोळी
दोनच्या रेघेवर तरंगते.

गोवर्धन, धाकटा, आठ वाजल्यापासून विचारतोय,
“सिस्टर, एकोणनव्वदच? शेजारच्या आजोबांना सत्त्याण्णव आहेत.”
जणू निकाल लागलाय
आणि बापाला मार्क कमी पडलेत.

मी सांगितलं. दोनदा.
या छातीला थोडक्यात भागवायची सवय झालीय.
भरभरून दिलं तर आतली वापरलेली हवा
बाहेरच पडत नाही, साचते,
माणूस गुंगत जातो, आणि ती गुंगी झोपेसारखी दिसते.
त्यानं मान हलवली.
मान हलवणं आणि पटणं
यांच्यामध्ये एक अख्खी रात्र मावते.

साडेनऊला नरसम्मा आली, कनवटीला
मार्कंडेयाच्या देवळातला कापूर, हातात काडेपेटी.
मी झडपच घातली.
“इथं नाही अक्का. या हवेत ठिणगीसुद्धा भडकते.”
“देवालाच ना?”
“देवाला खाली, फाटकाबाहेर.”
नाकाला लावायला आणलेलं खोबरेलही काढून घेतलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जकात नाक्यावरच्या माणसाकडे बघावं तशी.

मग चार नंबरचा पेशंट बिघडला.
आम्ही दोघी, खाटा अडतीस.
सव्वातीनला तो गेला. त्याचे कागद करून,
हात धुऊन अकराकडे आले,
तर गोवर्धन हसतोय. तीन दिवसांत पहिल्यांदा.
“बघा, अठ्ठ्याण्णव! किती गाढ झोपलेत.”

गोळी आठवर.

चेहरा गुलाबी, तळवे गरम,
बोटं अंगावरची माशी उडवावी तशी फडफडताहेत.
खांद्याला चिमटा काढला.
पापणी अर्धी उघडली आणि तिथंच थांबली.

ओरडले नाही. वेळ नव्हता.
नळ एकदम बंद करायचा नसतो, तेही घातच.
मोजून खाली आणला. डॉक्टर मुबीना धावत आल्या,
मनगटातून रक्त घेतलं,
आकड्यांची चिठ्ठी मला दाखवली, मुलाला नाही.
नाकातोंडावर घट्ट मास्क, उशाशी मशीन,
खर्र थप, खर्र थप.

गोवर्धन भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.
“मी चांगल्यासाठीच…” म्हणाला.
मला माहीत होतं. म्हणून काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
चार्टवर मात्र सगळं लिहिलं. वेळेसकट. माझी वेळसुद्धा,
दीड तास मी या खाटेशी फिरकले नव्हते ती.

साडेसहाला चिमण्या जाळीशी आल्या.
नव्वद. एक्क्याण्णव. पुन्हा नव्वद.
म्हाताऱ्यानं डोळे उघडले, मास्कच्या आतून
तेलुगूत काहीतरी पुटपुटला.
मुलगा कान लावून ऐकत होता, मग हसला की रडला,
कळलं नाही.
“काय म्हणतात?”
“विचारतायत, एवढ्या पहाटे माग कोण चालवतंय.”

सातला ड्यूटी संपली.
नरसम्मा खालून आली, कापराचा वास पदराला,
काडेपेटी न विचारता माझ्या टेबलावर ठेवली.
गोवर्धननं स्टूल ओढून नळाखाली घेतलं होतं,
राखणीला बसल्यासारखा.
मावशी फडकं घेऊन भिंत पुसायला आल्या
तर म्हणाला, “हात नका लावू.”
मीही जवळ गेले, गोळी बघायला.
मलाही म्हणाला.