टेबल सात

लडलोच्या उतारावर ही खाणावळ: द लेम ड्रोव्हर,
म्हणजे लंगडा गुरंहाक्या.
पाटीवरचा माणूस पावसानं इतका पुसलाय
की लंगडा पाय कुठला, मालकालाही सांगता येत नाही.

मी आलो तो धुरापायी.
धुराचे सेन्सर एकोणीस, त्यातले दोन मुके.
दुपारभर शिडी, टॉर्च, वही,
आणि काळ्या तुळया, ज्यांच्याखालून
चारशे वर्षं माणसं वाकूनच जेवायला गेली.

"जेवूनच जा, मिस्टर गायसस," प्रॉसर म्हणाला.
घैसासचं गायसस होऊन बावीस वर्षं झाली.
मीही ओ देतो.

सात नंबरला बसवलं, मान दिल्यासारखं.
मेन्यूच्या पाठीवर, पुडिंगांच्या खाली, भुताची माहिती:
डॉर्कस, भांडी घासणारी पोर.
एक गुरंहाक्या तीन रात्री जेवला, गोड बोलला,
पहाटे पैसे न देता निघून गेला.
मालकानं ते तिच्या पगारातून कापले.
पुढचं जरा धूसर आहे: ताप, की विहीर, की नदी.
तेव्हापासून या टेबलाशी गार वाटतं.
खाली बारीक अक्षरात:
ॲलर्जी असल्यास आधी कळवावे.

गार वाटतं खरं. आधी घोट्याला, मग मनगटाला.
मला कारण ठाऊक होतं. लाकडी तावदानामागे
बुजवलेलं धुराडं, वर विटा, खाली बोटभर फट.
प्रॉसर हात पुसत आला, कानाशी वाकला:
"ते रिपोर्टात घालणार का हो?
त्या फटीवर माझा जानेवारी निघतो."

लंगड्याच्या घरी मी पाय मागवला, मश्रूमचा.
वाफ, करडा रस्सा, वरची पापडी.
आणि काय झालं कुणास ठाऊक,
बोटांनी आपसूक पापडीचे पाच तुकडे मोडले
आणि ताटलीच्या उजवीकडे ओळीनं ठेवले.

तीस वर्षांत नव्हतं केलं.
चिपळूणला अण्णा पोस्टातून यायचे, पानावर बसायचे,
पाणी फिरवून भाताची शितं मांडायचे:
चित्राय नमः, चित्रगुप्ताय नमः,
यमाय नमः, यमधर्माय नमः,
सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः.
शेवटच्याला मी दारामागे बघायचो.
"अरे, भूत म्हणजे जे जे झालं ते," अण्णा हसायचे,
"त्यात तूही आलास. जेव."

ते गेले तेव्हा मी वुल्व्हरहॅम्प्टनला शिडीवर होतो.
दहाव्याला भावाचा फोन: "तासभर कावळा शिवेना.
सगळं बोलून झालं. घराचं, आईचं, बहिणीच्या पोरीचं.
शेवटी म्हटलं, धाकटा येईल, दिवाळीला नक्की येईल.
तेव्हा कुठे उतरला."
त्या दिवाळीला मी गेलो नाही.
पुढच्या दिवाळीलाही काहीतरी होतं. बहुतेक बॉयलर.

"आवडलं नाही?" वाढणारी पोर, कॅरिस,
त्या पाच तुकड्यांकडे बघत होती.
"आवडलं ना. ते बाजूला काढलेत."
तिनं कुणासाठी ते विचारलं नाही.
अशा जागी नोकरी केली की विचारत नसतील.

बिल किती, म्हटलं.
"छे, आमच्याकडून," प्रॉसर म्हणाला.
नको. इथं तरी नको.
हिशेबापेक्षा जास्तच पैसे मिठाच्या बरणीखाली सारले.
वहीत लिहिलं: टेबल सात. फट, बोटभर.
आगीचा धोका नाही.

व्हॅनमध्ये बसून भावाचा नंबर काढला.
तिकडे पहाटेचे तीन. ठेवून दिला.
काचेतून सात नंबर दिसत होतं,
मेणबत्ती एका अंगाला कललेली.
कॅरिस आवरत होती: ग्लास, काटा, रुमाल.
ताटलीपर्यंत हात नेला,
आणि मागे घेतला.

मी चावी फिरवली नाही.
बसून राहिलो.