बर्फाखालची माशी

आमिषाचं दुकान माझं. तळ्याच्या काठाला, पेट्रोल पंपामागे.
अळ्या विकते मी, भुशात घालून, डझनावर.
त्याच फ्रीजमध्ये माझा जेवणाचा डबा असतो
याचं आता कुणाला काही वाटत नाही.

वाइनो लेह्तोला माझ्याकडून एकही अळी घेत नाही.
जानेवारीत येतो, हातमोजे वाळवतो, फुकट कॉफी पितो
आणि काड्यापेटी उघडून दाखवतो
रात्री शेगडीपाशी बांधलेल्या माशा :
गळावर सशाची लव, तांब्याची तार,
मोरपिसाचा एक हिरवा धागा.
"मोर," म्हणतो, जसा काही ओळखीतला कुणी.

त्या मोराला काय ठाऊक
उणे वीस म्हणजे काय,
लेक सुपीरियरवरून वारा सुटतो म्हणजे काय.

रविवारी दुकान बंद करून गेले बघायला.
नऊ फुटी काठी त्याची,
उन्हाळ्यात जिची फेक बघायला पुलावर माणसं थांबतात,
तिची वरची दोन पेरं तेवढी घेऊन
उलट्या बादलीवर बसला होता.
समोर गिरमिटाने पाडलेलं भोक, ताटलीएवढं.
फेकणार कुठे?
चाळीस वर्षं कमावलेलं मनगट
मांडीवर मांजरासारखं निजलेलं.
"इथे सोडायचं फक्त. आणि गप्प बसायचं.
ते दुसरं जमत नाही मला."

काठीच्या कड्यांत बर्फाचे मणी धरत होते.
टोक तोंडात घेऊन तो ते विरघळवायचा,
बोलता बोलताच.
मग काठी माझ्या हातात दिली.

दोरी गेली. हिरवं पाणी, मग काळं,
मग नुसता अंदाज.

टोक वाकलं. फार नाही,
झोपेत कुणी कूस बदलावी तेवढं.
रीळ करकरलं.
वीतभर पर्च, अंगावर पट्टे,
ओठात मोर.

मासा दोनदा उडाला आणि कडक होत गेला.
माशी मी तळहातावर घेतली,
गोठून कणीएवढी झालेली.
तोंडाची वाफ दिली
तर केस न् केस मोकळा.

सोमवारी अळ्या मोजल्या. अर्ध्याअधिक तशाच होत्या.
वाइनो आला, कॉफी ओतून घेतली.
"पैसे," मी म्हटलं, पहिल्यांदाच.
त्याने काड्यापेटी पुढे सरकवली.

निवडायला मी फार वेळ लावला.
मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं.