ताळा

डुलुथ, त्र्याण्णवचा फेब्रुवारी. सरोवर गोठलेलं,
खनिजाची जहाजं धक्क्याला बांधून ठेवलेली,
आणि दुकानामागच्या खोलीत मी
सकाळपासून पुस्तकांची कव्हरं फाडत बसलेले.

हे काम बाहेर कुणाला सांगवत नाही.
खिशात मावणारी स्वस्त आवृत्ती खपली नाही, की
प्रकाशकाकडे पुरावा म्हणून फक्त कव्हर जातं,
अंग इथंच, लगद्याच्या खोक्यात.
मोठ्या आवृत्तीचं तसं नाही.
ती परत जाते तेव्हाही अख्खी जाते, मानानं.

हेल्मीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
"चित्रावर जाऊ नकोस. चित्र दोघींचं एकच.
नाव तेच, मजकूर तोच, खून करणाराही तोच.
कव्हर उलट. आत त्रिकोणात एस दिसला तर फाड.
आणि नंबर वाच. बहिणी जुळ्या असल्या
तरी नंबर वेगळा."
मग त्यांनी मला अकराचा ताळा शिकवला:
पहिल्या अंकाला दहाने गुणायचं, दुसऱ्याला नवाने,
असं उतरत एकापर्यंत. बेरजेला अकराने भाग.
बाकी उरली तर कुणीतरी चुकलंय.
कधी शेवटी दहा हवे असतात आणि जागा एका अंकाची,
तेव्हा तिथं एक्स येऊन बसतो,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, अंग चोरून.

तीनच्या सुमारास आर्विड हॉल्म आले.
बुटांचा बर्फ दारात झटकला, टोपी काढली,
किराणाच्या पावतीमागे लिहिलेला नंबर पुढे केला.
"सिग्नेच्या वहीतून उतरवलाय. ती सगळ्याचे नंबर लिहायची,
शिलाई मशीनचासुद्धा."
मी गुणलं. भाग जाईना.
पुन्हा गुणलं. मग विचारलं, "त्या सात कसा काढायच्या?"
ते जरा थांबले. "एकासारखा," म्हणाले,
"मी नेहमी भांडायचो त्यावरून."
एकाचा सात केला. ताळा जमला.

जमला तो लहान आवृत्तीचा.
तिची आमच्याकडची एकुलती प्रत
मी अकरा वाजता सोलली होती.

मोठी होती फळीवर. रुंद, मलईरंगी कागद,
किंमत दुपटीच्या वर. मी ती पुढे केली, म्हटलं,
"आतलं अक्षर न् अक्षर तेच आहे."
"तेच नाही," आर्विड म्हणाले.
"शेवटच्या संध्याकाळी तिनं सांगितलं, दोनशे बारावर आलेय.
पुस्तक हॉस्पिटलात राहिलं, कुणी नेलं कोण जाणे.
मला तिथून पुढं वाचायचंय.
गोष्ट मला ठाऊक नाही. पान तेवढं ठाऊक आहे."

सोललेलं विकायचं नसतं. द्यायचंही नसतं.
हेल्मीबाई गल्ल्याशी पावत्या लावत होत्या,
वर न बघता म्हणाल्या, "विकू नको. बघायला कोण अडवतंय?"

मी खोक्यातून ते उघडं पुस्तक काढलं.
दोनशे बारा सुरू होत होतं अर्ध्या वाक्यापासून,
"आणि शिडी" असं काहीतरी,
शिडीवर कोण होतं ते मागच्या पानावर.
मग मोठ्या प्रतीत ती शिडी शोधत बसलो,
मी आणि आर्विड, एकाच दिव्याखाली, बोट सरकवत.
तिथं दोनशे बाराला भलतीच माणसं जेवायला बसली होती.
शिडी सापडली एकशे ऐंशीवर,
पानाच्या मध्यावर, इतर ओळींत मिसळून गेलेली.
कुणी इथं थांबलं असेल असं वाटूच नये अशी.

मी "आणि"च्या आधी पेन्सिलीनं ठिपका दिला.
"पुसला जाईल?"
"खोडलात तर."
त्यांनी नोटा मोजल्या, सुटे मोजले,
पुस्तक कोटाच्या खिशात घालायला गेले. मावलं नाही.
हातात धरून नेलं, टोपी घालायची विसरून.

संध्याकाळी खोकं न्यायला गाडी यायची होती.
ते सगळ्यात वर होतं, नाव नसलेलं, चेहरा नसलेलं,
पण पहिल्या पानामागे नंबर अजून होता,
शेवटचा एक्सही.
काही गरज नव्हती, तरी मी उभ्याउभ्या गुणून पाहिलं.
भाग गेला.
मी खोक्याला टेप लावली.