आवक-जावक

रिसेप्शनवरचा मुलगा विचारतो, मॅडम, पहिल्यांदाच येताय?
त्याच्या छातीवरची पट्टी वाचते: दिव्यांश.
हो, म्हणते. रात्रीची पहिल्यांदाच.
तो हसतो, कळलेलं नसतं काही,
आणि चिमट्यानं गार ओला रुमाल पुढे करतो.

किल्लीला पितळी सिंह, वजनाला नारळाएवढा.
खोलीचं नाव सिएना.
सिएना म्हणजे आमचं आवक-जावक,
जिना चढून डावीकडे, माठाच्या पुढे.

तुकोगंजातल्या ह्या कोठीत सव्वीस वर्षं
मी दहा पस्तीसला सही केली
(साडेदहानंतर लाल शाई).
संस्थानच्या काळात कुणी आपटीकर
इटलीत तीन महिने राहून आले
आणि खांबांच्या प्रेमात पडले, असं माहितीपत्रक म्हणतं.
आम्हाला खांब माहीत होते ते कबुतरांमुळे.
वरच्या दगडी पानांत अंडी असायची,
आणि साहेब ओरडले तरी इक्बालभाई
काठी आणायला म्हणून जात, ते थेट चहा घेऊनच येत.

ऋजुतानं खोलीचं भाडं सांगितलं नाही.
मी शोधून काढलं. माझा पहिल्या पाच महिन्यांचा पगार.
मग चपला काढून पलंगावर आडवी झाले,
एवढ्या पैशांत निदान पाठ तरी टेकावी,
आणि वर पाहिलं.

सव्वीस वर्षं आमच्या डोक्यावर हार्डबोर्ड होतं.
कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग,
दर पावसाळ्यात थोडा पसरायचा.
आधी श्रीलंका होता. निर्मला चौरे निवृत्त झाली तेव्हा आफ्रिका.
आणि त्याच्या वर, हातभर अंतरावर, हे होतं:
निळं आभाळ, पंख लावलेली गुबगुबीत पोरं,
कवेत गव्हाच्या ओंब्या घेतलेली एक उघड्या खांद्याची बाई,
आणि तिच्या पायाशी
(इथलाच असणार तो रंगारी, मालकाचा डोळा चुकवून)
पेरू खाणारा पोपट.

खाली आम्ही डबे उघडत होतो.
निर्मलाच्या नवऱ्याचा फोन आला तो ह्याच भिंतीपाशी,
तिनं रिसीव्हर ठेवला, आणि उरलेली सात पाकिटं चढवून मगच उठली.
तांबेबाबूंच्या निरोपाला सराफ्यातली जिलेबी होती, गार झालेली.
वर ती बाई काळोखात ओंब्या धरून उभी.
तिची आवक कुणी नोंदली नव्हती.

रात्री उठले तर न्हाणीघराच्या दाराशी
सोनेरी चौकटीत एक पिवळं पान टांगलेलं.
शोभेचं. जुना कागद, जुनी शाई.
चष्मा लावला.
सातच्या आकड्याला अशी शेपटी
आख्ख्या कार्यालयात एकाच बाईची होती.

क्रमांक ४११२. प्रति, लोक निर्माण विभाग.
विषय: छत से पानी टपकने बाबत.
कार्यवाहीचा रकाना कोरा.

दिवा न मालवता उभी राहिले बराच वेळ.
खाली कुणीतरी टेबलं ओढत होतं, उद्याच्या लग्नाची.
थोडं हसू आलं. थोडा रागही,
कारण विचारलं असतं तर ह्याहून सुबक पान
मी त्यांना काढून दिलं असतं.

सकाळी नाश्त्याला सतरा प्रकारचे पाव होते.
मी फाटकाबाहेर जाऊन पोहे खाऊन आले,
वर जिरावण, बारीक शेव.
दिव्यांशनं अभिप्रायाचं कार्ड पुढे केलं:
आमच्यात काय सुधारणा हवी?

पेन त्याचंच घेतलं.
संदर्भ क्र. ४११२. छत प्रत्यक्ष पाहिले.
टपकत नाही.
पोपटाची चोच थोडी जास्तच लाल झाली आहे, ती तशीच राहू द्यावी.
प्रकरण नस्तीबद्ध.
खाली सही, तारीख, वेळ दहा पस्तीस.

जावक क्रमांकाची जागा सोडली.
तो टाकणं आता त्याचं काम.