ताळगावची तांबडी भाजी

पठारावरच्या आमच्या प्रयोगशाळेत
गोल फ्लास्कला आतून
चरबीचा एक पापुद्रा धरतो,
दुधावरच्या सायीहून कितीतरी पातळ.
कोमट पाणी सोडायचं आणि फिरवत राहायचं.
पापुद्रा सुटतो, कडेनं मुडपतो,
आणि उघडी कड त्याला सोसत नाही म्हणून
स्वतःभोवतीच मिटून गोळा होतो.
त्याच्या पोटात आम्ही लाल औषध भरतो.
लाल म्हणजे कुठलं, ते मी वहीत कधी लिहिलं नाही:
भाजी धुतल्यावर परातीत उरतं, ते.

ती भाजी आपोलिना विकायची.
पणजीच्या बाजारात, मासळीकडच्या दाराशी,
चाळीस वर्षं एकाच गोणपाटावर.
आता बांबोळीला, खिडकीकडून तिसरी खाट.
अंडाशयातून पसरलेला.
तेच लाल औषध तिच्याही शिरेतून जातं, पण उघडं,
गोळ्याविना,
दिसेल त्या घरात शिरणारं.
केस त्यानंच नेले. जिभेवरचे फोडही त्याचेच.

तिनं विचारलं, तू थंय वयर करता तरी कितें?
मी खाटेच्या कडेवर बसून सांगितलं:
गाठीच्या पेशींना फोलेटची हाव असते,
पाल्यातलं जीवनसत्त्व, तुझ्या जुडीतलंच.
त्या हावेपोटी त्यांच्या अंगभर हात उगवतात,
येईल ते आत ओढायला.
आम्ही गोळ्याला बाहेरून फोलेट लावतो.
हात ते धरतो, पेशीची कातडी आत वळते,
आणि ती स्वतःच त्याला उचलून घरात नेते.
आत आंबट होत जातं, गोळा फुटतो.
मग लाल थेट गाभ्यात.

ऐकून घेतलं. मग सलाईनचा दांडा हलेपर्यंत हसली.
“म्हळ्यार वयर ताजी जुडी आनी भितर कुशिल्ली!
बाजारांत हांवें अशें केल्लें जाल्यार
कोणें बसूंक दिल्लें गो म्हाका?”

मग सावकाश, पदर नसलेल्या खांद्यावरून
पदर सारखा करत:
“हें म्हाका मेळटलें?”
नाही, म्हटलं. आधी उंदीर. मग परवानग्या. मग माणसं.
दहा वर्षं, कदाचित.
“धा वर्सां!
भाजी म्हयन्याभितर काडटात.”

गुरुवारी सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके दिसले
गाठीच्या पेशींत, अगदी केंद्रकापर्यंत.
आम्ही भजी मागवली.
सोमवारी मूत्रपिंडाच्या निरोगी पेशींवर तेच सोडलं.
तिथंही लाल.
कमी, पण लाल.

मूत्रपिंडालाही असतात तेच हात.
गाळणीच्या पलीकडे बसून
वाहून चाललेलं फोलेट कण कण वेचून
परत रक्तात टाकणारे.
हावरे नव्हेत. काटकसरी.
पुस्तकात होतं हे, खाली रेघही मारली होती मी.
कुवेलकार मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस,
शरीरात गोळा त्या गाळणीतून जाणारच नाही,
केवढा मोठा आहे तो.
बरोबर आहे त्यांचं.
बशीत सगळीच दारं रस्त्यावर असतात.
तरी रात्री तापमानाची नोंद करायला गेले तेव्हा
दिवा न लावता थोडा वेळ उभी राहिले.
खाली ताळगावच्या शेतांत
कुणीतरी बॅटरी घेऊन पाणी वळवत होतं.

हे मी आपोलिनाला सांगितलं नाही.
तिला त्या आठवड्यात पाणीही गिळवत नव्हतं.

शनिवारी बाजारात गेले.
गोणपाटावर तिची सून, झेलिया.
दोन जुड्या मागितल्या,
आणि का कोण जाणे, वरची उचलून
खालची पाहिली.
देठ तुकतुकीत, मुळांना माती, पान न पान उभं.
झेलियानं मला पाहताना पाहिलं.
काही बोलली नाही.
पिशवीत तिसरी जुडी टाकली
आणि पैसे दोनचेच घेतले.