निळ्या दैत्याचे पाय

लहानपणी मी त्याचं तोंड कधी पाहिलंच नाही.
आईच्या कमरेत डोकं खुपसून
नुसतं खाली बघायचे:
गवताच्या चपला, भेगाळलेल्या टाचा,
डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख.

समोरच्या तातामीवाल्या तोकुजींच्या पायालाही
अगदी तसंच नख होतं.
सातव्या वर्षी ही बेरीज जमली
आणि मी ती कुणाला सांगितली नाही.
सांगितली असती तर
पुढच्या वर्षी भ्यायला काय उरलं असतं?

यंदा वडिलांचं दुकान विकायला आले,
ओसाकाहून, दोन दिवसांसाठी,
आणि तारीख नेमकी तीन फेब्रुवारी निघाली.
गल्लीत एकवीस दुकानं होती.
चौदांची शटरं आता कायमची खाली.
एका शटरवर शाळेतल्या पोरांनी मासे रंगवलेत,
त्यांतल्या एकाला डोळा काढायचा राहिलाय.

अंधार पडला तसा ढोल आला.
मागून लाल दैत्य, म्हणजे बँकेतला कारकून,
मुखवट्याआत चष्म्यावर वाफ धरल्यामुळे
दर दहा पावलांवर कुणाच्या तरी सायकलला धडकणारा.
मग एकशिंगी म्हातारी.
मग एका पायावर उड्या मारत जुन्या छत्रीचं भूत,
ते मध्येच थांबलं आणि पाय बदलला.
लोक हसले.
समुद्राकडून वारा असा आला
की हसूसुद्धा दातांवर गार लागलं.

आणि निळा.
सवयीनं माझी नजर खाली गेली.

टाचा कोवळ्या. नखं साफ कापलेली.
पोटरीवर एक गोल, गुळगुळीत डाग,
मोटरसायकलच्या सायलेन्सरनं भाजल्यावर पडतो तसा.
आमच्या गल्लीत असा डाग कुणालाच नाही.
“थुआन,” चहावाली शिमेको कानात म्हणाली,
“मासळीच्या कारखान्यातला. व्हिएतनामचा.
दुसरं कोण आहे इथे, ती गदा उचलायला?”

तो ओरडला,
“कोण ऐकत नाही रे आईचं?”
आमच्याच बोलीत, पाठ केलेलं,
आणि शेवटचं अक्षर वाटेतच सांडलं.
पोरं तरीही भोकाड पसरून रडली.
मग आठवलं:
तोकुजींचंही ते अक्षर नेहमी सांडायचं.

भाजलेले सोयाबीन चहूकडून उडाले.
दैत्य बाहेर! दैत्य बाहेर!
मीही मूठ उगारली,
पण तो शब्द, “बाहेर”,
तोंडात आला आणि तिथेच बसून राहिला.
दाणे माझ्या हाताच्या घामानं मऊ झाले.

तोकुजींची मित्सुए-सान दारात उलट्या खोक्यावर बसली होती.
वयाइतके दाणे खायचे, वर एक पुढच्या वर्षाचा.
ब्याऐंशी दाणे आणि चार दात,
म्हणून तिनं ते चहात भिजत घातले होते.
निळा तिच्यापाशी थांबला, गदा टेकवली.
ती म्हणाली, “उशीर केलास.”
मग वाकली, वाकता वाकता दोनदा थांबली,
आणि त्याच्या चपलेची दोरी सोडून पुन्हा बांधली.
“अशी बांधतात. नाहीतर पुलावर सुटते.”
उठताना एक दाणा, भिजलेला, फुगलेला,
त्याच्या निळ्या रंगवलेल्या तळहातावर ठेवला.
कितवा, ते तिनं सांगितलं नाही.
पुलापर्यंत तो गदा एकाच हातात घेऊन गेला.

रात्री मंडळाच्या खोलीत मुखवटे वाळत होते,
घामाचा, सरसाचा, रॉकेलच्या स्टोव्हचा वास.
मुखवट्याच्या आत एक लाकडी पट्टी असते,
दातांत धरायला.
निळ्याच्या पट्टीवर चौतीस वर्षांचे चावे.
थुआननं बोट फिरवून विचारलं,
“हे कुणाचे?”

मित्सुए-सान संत्रं सोलत होती.
“तुझे दात बसतात त्यात?”

तो जरा विचारात पडला.
“थोडे पुढे येतात,” तो म्हणाला.