आधी कुत्र्यांचा

सॅन अँटोनिओ, ऑगस्ट. पारा एकशे सहा.
श्वानपथकाच्या बराकीतला एसी बंद पडलाय,
माझ्या बराकीतलाही; पण आधी तिकडे.
मॅलिनॉइज जातीची टिल्डा सार्जंट आहे,
मी तिच्याहून एक पट्टी खाली.

छपरावर गुडघा टेकला की पत्रा चटका देतो.
कॅपॅसिटर पुरीसारखा टम्म.
तो बदलला तरी यंत्र गप्पच.
मग सापडल्या मुंग्या,
कॉन्टॅक्टरच्या फटीत भाजून काळ्या पडलेल्या,
तिळाच्या वडीसारख्या एकमेकींना चिकटून.
दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडल्या.

ट्रेनिंगमध्ये ओकाम्पो सर सांगायचे,
थंडी तयार करता येत नाही, पोरांनो.
इथली उष्णता फक्त उचलायची
आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची.
आमच्या गल्लीत कचऱ्याचं हेच चालतं,
असं मी मराठीत पुटपुटलो होतो.

खट्‌. पंखा फिरला.
निळ्या गेजचा काटा रेंगाळत जागेवर आला.
खाली एकेक भुंकणं विझत गेलं.
टिल्डा फरशीला पोट लावून पसरली,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
वरिष्ठांचं असंच असतं.

आई फोनवर विचारते, तिथं नेमकं काय करतोस रे?
फ्रिज. एसी.
शेजारी ती सांगते, सैन्यात आहे,
आणि वाक्य तिथंच संपवते.

रात्री खोलीत खिडकी सताड, उशी ओली.
माझी तक्रार क्रमांक एकोणचाळीस.
दुरुस्तीला येणार गुरुवारी,
मीच.